हरभट रस्त्यावरील दुकान पायी जाणाऱ्यांच्या नजरेस कसे पडेल?

काठपदर :
सर्वांस नमस्कार. सांगलीत हरभट रस्त्यावर आमचे साड्यांचे दुकान आहे आणि वडिलांनंतर गेली अकरा वर्षे मी ते सांभाळतो आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात दुकानात छातीएवढे पाणी आले आणि खालच्या फळ्यांवरचा सगळा माल वाया गेला. त्यानंतर आम्ही जोते उंच करून घेतले, त्यामुळे आता आत येण्यासाठी चार पायऱ्या चढाव्या लागतात. तो निर्णय योग्यच होता असे मला आजही वाटते. परंतु टिळक चौकाच्या बाजूने पायी येणारी माणसे आता मान वर न करता पुढे निघून जातात. जुनी गिऱ्हाईके आठवणीने येतात, नवी थांबत नाहीत. गेल्या वर्षी दर्शनी भागावर पंधरा फूट लांबीचा प्रकाशित फलक लावला. तरीही आठ दिवसांपूर्वी एका बाईंनी आमच्याच पायरीशी उभ्या राहून, दुकान नेमके कोठे आहे, असे मला फोनवर विचारले, तेव्हा मनाला फार लागले. जोते खाली घेणे शक्य नाही आणि खर्चालाही मर्यादा आहे. अशा स्थितीत काय करावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

आडवा छेद :
मी वास्तुविशारद आहे आणि गावठाणातील दुकानांची कामे करतो. त्या बाईंच्या फोनमध्येच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. दुकानाच्या कपाळावर रस्त्याला समांतर लावलेला फलक समोरच्या फुटपाथवरून किंवा गाडीवरून वाचता येतो. जो माणूस भिंतीच्या कडेने चालत येतो, त्याला तो अगदी तिरका दिसतो आणि पायरीजवळ पोहोचल्यावर तर डोक्यावर जाऊन दिसेनासाच होतो. म्हणून मोठा फलक आहे तसा ठेवून, भिंतीतून काटकोनात बाहेर येणारी दीड-दोन फुटांची दुहेरी पाटी लावावी. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या पादचारी मार्गांसाठीच्या निकषांत २.२ मीटर उंची मोकळी ठेवण्यास सांगितले आहे, तेव्हा पाटीची खालची कड त्याच्या वर राहील असे पाहावे. सर्वसाधारण ठोकताळा असा की दहा फुटांवरून सहज वाचण्यासाठी एक इंच उंचीचे अक्षर लागते, म्हणजे तीस फुटांसाठी तीन इंच. मात्र देवनागरीत वेलांट्या आणि उकार वर-खाली जागा घेतात, त्यामुळे हे माप शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंतचे धरावे. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर लहान-मोठ्या सर्वच दुकानांना मराठी नामफलक बंधनकारक झाला असून त्यावरील मराठी अक्षरे अन्य लिपीपेक्षा लहान चालत नाहीत, हेही रंगाऱ्याला आधीच सांगावे.

आता जोत्याविषयी. चार पायऱ्या म्हणजे साधारण अठ्ठावीस इंच उंची झाली. आपण तिला अडचण समजत आहात, परंतु रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने ती जवळजवळ टेबलाची उंची आहे. बहुतेक दुकानांत काचेमागे लाकडी पडदी, तिच्यावर पुतळे आणि त्यांच्यामागे गादी अशी मांडणी असते. जोते वाढल्यावर ती सगळीच वर सरकते आणि चालणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नुसते प्लायवूड येते. ती पडदी काढून काच थेट फरशीपासून सुरू करावी आणि अगदी काठाशी दोन-तीन साड्या पदर उलगडून ठेवाव्यात. माणूस सेकंदाला साधारण सव्वा मीटर चालतो, म्हणजे पंधरा फुटांचे दुकान तो चार सेकंदांच्या आत ओलांडतो. तेवढ्या वेळात चाळीस साड्यांतील एकही लक्षात राहत नाही, एक इरकल मात्र राहते.

प्रकाशाकडे तर मी विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण आपल्याकडे सर्वाधिक खर्च त्यावर होतो आणि सर्वाधिक चुकाही तेथेच होतात. भर दुपारी बाहेर हजारो लक्स उजेड असतो आणि आत फार तर चार-पाचशे. त्यामुळे काचेत समोरची इमारत आणि उभ्या दुचाकी दिसतात, साडी दिसत नाही. काचेच्या वर कापडी छत लावून सावली करावी, आणि आत छतभर पांढरे दिवे लावण्याऐवजी काचेलगतच्या दोन फुटांत, थेट कापडावर झोत पडेल असे दिवे लावावेत. रंगदर्शकता, म्हणजे रंग खरे दाखवण्याची क्षमता (सीआरआय), शंभरपैकी नव्वदच्या वर असलेले दिवे घ्यावेत, नाहीतर आत पाहिलेली जांभळी साडी बाहेर वेगळीच दिसते आणि गिऱ्हाइकाचा विश्वास जातो. रस्त्याकडे तोंड करून डोळ्यांवर येणारे दिवे कृपया काढून टाकावेत.

कृष्णाकाठची आजी :
माझे वय अडुसष्ट आहे आणि गणपतीचे दर्शन घेऊन मी बाजारातून चालतच घरी जाते, म्हणून लिहिते. दादा, दिव्यांचे ठीक आहे, पण आमच्या वयाच्या बायका पाटी वाचण्याआधी पायऱ्या पाहतात. कठडा आहे का, पायऱ्या सारख्या उंचीच्या आहेत का, त्यांच्यासमोर दुचाकी आडव्या लावल्या आहेत का, एवढे एका नजरेत कळते आणि पाय तेथेच ठरवतात. दोन्ही बाजूंना हाताला धरता येईल असा कठडा बसवा आणि प्रत्येक पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी द्या. काचेतील साडीला किमतीची चिठ्ठी लावा. किंमत ठाऊक नसताना एवढे चढून जाऊन रिकाम्या हाताने उतरणे फार अवघड वाटते. आणि आत पाऊल टाकताच 'काय दाखवू?' असे विचारू नका. आधी बसू द्यावे.

गणपती पेठेतील व्यापारी :
वास्तुविशारदांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. मात्र काठाशी माल मांडण्याची सूचना पावसाळ्यात जपून अमलात आणावी. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले की आपल्याला किती धावपळ करावी लागते, हे नदीकाठच्या व्यापाऱ्यालाच कळते. मांडणी दोन माणसांना दहा मिनिटांत उचलता येईल अशी सुटी असावी आणि दिव्यांची तार वरून आणावी, फरशीलगत बटण किंवा जोडणी नको.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. आपल्या पायरीशेजारी गजरेवाली किंवा बांगड्यांची गाडी उभी राहत असेल, तर तिला हटवण्याची घाई करू नका. तिच्यापाशी माणूस थबकतो, आणि थबकलेला माणूसच मान वर करतो. येण्याजाण्याची वाट मोकळी राहील एवढे तिच्याशी बोलून ठरवावे. पथविक्रेत्यांना २०१४ च्या कायद्याचे संरक्षणही आहे. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळतात व रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवतात. आपल्याकडे निदान दिवाळीपूर्वीच्या एका रविवारी तसे करून पाहावे, असे मला मनापासून वाटते.

काठपदर :
आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल ऋणी आहे. आजींचे वाचून काल रात्री दुकान वाढवल्यावर पायऱ्या मोजल्या. तीन पायऱ्या सहा-सहा इंचांच्या आणि सर्वांत खालची दहा इंचांची निघाली. इतकी वर्षे ती रोज चढत असूनही माझ्या ध्यानात आले नव्हते. ती दुरुस्ती आणि कठडा प्रथम, त्यानंतर काटकोनातील पाटी व पडदी काढणे, असा क्रम ठरवला आहे. चाकांच्या खुर्चीतून येणाऱ्यांसाठी उतार करण्याचा विचार होता, पण एक फूट उंचीला बारा फूट लांबी या प्रमाणाने तो अठ्ठावीस फूट लांब होतो आणि आमच्या हद्दीत तेवढी जागा नाही. त्यांच्यासाठी खालीच घंटा ठेवून साड्या बाहेर नेऊन दाखवाव्यात, की दुसरा काही मार्ग आहे?

आडवा छेद :
शेजारच्या दुकानाचे जोतेही तेवढेच उंच असेल, तर दोघांच्या हद्दीत मिळून भिंतीलगत वळणाचा एकच उतार बसू शकतो. शेजाऱ्यांशी बोलून पाहावे आणि दोन्ही दर्शनी भागांची मापे येथे कळवावीत. मी रेखाटन करून देतो.