मदत हवी आहे: लॅपटॉप उघडून दुरुस्त करू की भंगारात घालू? (सोलापूर, ११ तारखेच्या आत)

हिशेबवाली

नमस्कार मंडळी. मी घरी बसून हिशेब लिहिते. अशोक चौक आणि अक्कलकोट रोडकडच्या टॉवेल-चादरीच्या लहान लहान कारखान्यांचं टॅली आणि जीएसटी माझ्याकडे आहे. सगळं एका लॅपटॉपवर. २०२० च्या लॉकडाऊननंतर घेतलेला, दहाव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबी डिस्क. तेव्हा ३४ हजारांच्या आसपास पडला होता.

आता हाल असे आहेत की सकाळी तो चालू करून मी भाकऱ्या थापायला जाते. तिसरी भाकरी तव्यावर पडते तेव्हा कुठं टॅली उघडतं. नमपॅडवरचा (कीबोर्डच्या उजवीकडचे आकडे) ५ चा आकडा उमटत नाही (हिशेब लिहिणाऱ्या बाईच्या नशिबी नेमका ५!). आणि गेल्या आठवड्यापासून टचपॅड डाव्या बाजूनं वर आलंय, क्लिकच होत नाही. धूळ गेली असेल म्हणून मी ते दोनदा दाबून बसवलं.

कंपनीच्या सेवा केंद्रात नेला. काउंटरवरच्या मुलानं झाकणसुद्धा उघडलं नाही. नंबर बघितला आणि सांगितलं: रॅम बोर्डाला सोल्डर केलेली आहे, वाढत नाही. कीबोर्ड सुटा मिळत नाही, वरच्या अख्ख्या कव्हरसकट बदलावा लागेल, ८,२०० रुपये. बॅटरी येत नाही, मॉडेल बंद झालं. "मॅडम, ह्यात पैसे घालू नका, नवीन घ्या की."

मला ह्याचाच राग आलाय. आमच्या सासऱ्यांचे साधे माग माझ्या लग्नाच्या आधीपासून चालू आहेत. पिकर फाटला, पट्टा तुटला, फणीचा दात वाकला, की जॉबर (मागाचा मिस्त्री) येतो, शिव्या घालतो, तासाभरात माग पुन्हा खडखडायला लागतो. सुटा भाग पेठेत मिळतो, मागवाल्या कंपनीला विचारायलाही जावं लागत नाही. आणि सहा वर्षांचा लॅपटॉप एका आकड्यापायी टाकून द्यायचा?

विचारायचं हे आहे की सेवा केंद्रवाला सांगतो ते खरंच का? इथं कुणाकडून उघडून घ्यावा का? आणि कंपनीनं सुटे भाग द्यावेत असा काही कायदा आपल्याकडे आहे का? ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीची विवरणपत्रं) भरायचेत, त्यामुळं जरा लवकर सांगा.

कडक_भाकरी

ताई, बाकीचं नंतर वाचा. आधी चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि ते टचपॅड पुन्हा दाबू नका. धूळ नाही ती. खाली बॅटरी फुगली आहे आणि टचपॅडला वर ढकलते आहे.

लिथियम बॅटरीत आतलं रसायन बिघडलं की वायू तयार होतो आणि पाऊच पापडासारखा फुगतो. कायम चार्जरला लावून १०० टक्क्यांवर ठेवली की हे लवकर होतं, त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे. पत्र्याच्या खोलीत बसून काम करता का? टोचली किंवा वाकली तर पेट घेऊ शकते. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे किंवा बॅटरी परत घेणाऱ्या दुकानात द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावरच टाकलीय.

हिशेबवाली

बापरे. काढला चार्जर. हो, पत्र्याचीच खोली आहे.

बिनतारी

बॅटरी बाहेर येईपर्यंत लॅपटॉप चालू करू नका. ती काढली की बहुतेक लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालतात, काही थोडे हळू होतात एवढंच. मग Ctrl-Shift-Esc असं काही शोधत बसू नका, खालच्या पट्टीवर उजवं क्लिक करून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जाऊन दोन गोष्टी लिहून आणा. मेमरीत 'स्लॉट्स यूज्ड' आणि 'फॉर्म फॅक्टर' समोर काय आहे? आणि डिस्कसमोर एचडीडी (फिरणारी तबकडी) आहे की एसएसडी (चिपांची, वेगवान)?

बॅटरी निघाली की टॅलीचा डेटा दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या, त्याशिवाय पुढचं काहीही कुणाला उघडू देऊ नका. आणि विंडोजनं डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केलेली असेल तर बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून उतरवून ठेवा. भाग बदलल्यावर लॅपटॉप ती मागू शकतो, आणि तेव्हा ती नसली तर डेटा विसरा.

पुण्याचा_पाहुणा

थोडं वेगळं बोलतो, रागावू नका. रॅम सोल्डर करण्यामागं निव्वळ लबाडी नसते. पातळ लॅपटॉपमध्ये एलपीडीडीआर जातीची मेमरी असते. ती वीज कमी खाते, पण प्रोसेसरच्या अगदी जवळ, आखूड तारांनी जोडावी लागते. खाचेत बसवली की तो वेग गाठता येत नाही. फ्रेमवर्क ही कंपनी २०२१ पासून सगळे भाग बदलता येणारे लॅपटॉप विकते, तिचं नावच त्यासाठी घेतलं जातं. तिनंही २०२५ मध्ये डेस्कटॉप काढला तेव्हा त्यात रॅम सोल्डर केलेलीच ठेवली, कारण त्यातली एएमडीची प्रोसेसर चिप दुसऱ्या कशानं नीट चालेना. ग्राहकाला हलका, पातळ, दिवसभर चालणारा लॅपटॉप हवा असतो. वर तो उघडताही यायला हवा असतो. दोन्ही एकदम कसं जमणार?

बिनतारी

पाहुणे, रॅमपुरतं ठीक. कीबोर्ड कव्हरला प्लास्टिकच्या वितळवलेल्या खिळ्यांनी का चिकटवतात? त्यानं कोणता वेग वाढतो? बॅटरी गोंदानं का डकवतात? आणि मेमरीचाही मार्ग निघालाय. एलपीकॅम-२ म्हणून स्क्रूनं बसणारी एलपीडीडीआर आली, लेनोवोनं २०२४ मध्ये थिंकपॅड पी-१ मध्ये ती घातली. करायचं ठरवलं की जमतं.

पुण्याचा_पाहुणा

खिळ्यांचं मान्य. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

स्क्रूड्रायव्हर

मी नवी पेठेत हेच काम करतो, दुकानाचं नाव सांगत नाही, जाहिरात म्हणाल. त्या पोरावर रागावू नका ओ ताई. त्याला उघडायची परवानगीच नसते, स्क्रीनवर येतं तेवढं वाचायचं. बोर्डावरची दोन रुपयांची वस्तू उडाली तरी त्याच्या यादीत 'मदरबोर्ड' एवढाच भाग असतो.

आमचं उलटं. आम्हाला कंपनी बोर्डाचा नकाशा देत नाही. मग कुठनं तरी मिळवायचा, मेलेल्या बोर्डावरची चिप काढून जिवंत बोर्डावर बसवायची. भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरनं नाहीतर दिल्लीच्या नेहरू प्लेसमधनं मागवायचा. चांगला निघाला तर आपलं नशीब. कंपनीनं भाग आणि नकाशा रीतसर विकत दिला तर आम्ही काय फुकट मागायलोय का? गिऱ्हाइकाला डुप्लिकेट बॅटरी देताना मलाच भीती वाटते, पण ओरिजिनल आणू कुठनं?

कीबोर्ड मात्र बसवता येतो. खिळे कापून नवा बसवायचा आणि बारीक स्क्रू किंवा गरम सळईनं पक्का करायचा. तीन-साडेतीन तास जातात. म्हणून कुणी लवकर हात घालत नाही.

वकील_नव्हे

कायद्याचं सांगते. दुरुस्तीचा हक्क म्हणून वेगळा कायदा आपल्याकडे नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं निधी खरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारी ही चार क्षेत्रं आधी धरली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, एक पोर्टल सुरू झालं. तिथं कंपन्या दुरुस्तीची माहिती देतात, पण पोर्टल म्हणजे सक्ती नव्हे.

मोटारींच्या बाबतीत मात्र स्पर्धा आयोगानं २०१४ मध्ये १४ कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता. कारण हेच, सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मेकॅनिकला मिळू न देणं. पुढं ते अपिलात गेलं, पण तुमच्या जॉबरचा मुद्दा आयोगाला पटला होता म्हणायचं.

बाहेर हे पुढं गेलंय. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी तो किती दुरुस्त करता येतो त्याचे दहापैकी गुण लावावे लागतात. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा वस्तूंतली बॅटरी गिऱ्हाइकाला स्वतः काढता आली पाहिजे, असा नियम आहे.

तुमच्यापुरतं: वॉरंटी संपलेली आहे, त्यामुळं केस कठीण. पण खोटी माहिती देऊन नवी वस्तू गळ्यात मारत असतील तर १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही. आधी सेवा केंद्राचं म्हणणं लेखी मागा. तोंडी सांगितलेलं कागदावर मागितलं की बरेच जण बदलतात, हा माझा अनुभव.

भीमाकाठ

माझंही ऐका. सातव्या पिढीचा लॅपटॉप होता, मीच रॅम वाढवली, एसएसडी घातली, नवी बॅटरी. मस्त पळत होता. मग १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा बंद झाला, आणि विंडोज ११ म्हणतं आठव्या पिढीच्या खालचा चालत नाही. वस्तू ठणठणीत आणि मालक लाचार. मी लिनक्स टाकून मोकळा झालो, पण ताईंना टॅली लागतं, त्यांना ते जमायचं नाही. त्यांचा दहाव्या पिढीचा आहे म्हणजे विंडोज ११ ला चालेल. त्यामुळं खर्च करायला हरकत नाही.

हिशेबवाली

सगळ्यांचे आभार. काल स्क्रूड्रायव्हर दादांकडेच गेले (व्यक्तिगत निरोपातून पत्ता घेतला). बरोबर आमचा जॉबरही आला, त्याला बघायचंच होतं.

मागचं झाकण काढताना दादांनी शेंगाचटणीच्या डबीचं झाकण पुढं ओढलं आणि स्क्रू त्यात गोल मांडले, जिथला स्क्रू तिथंच. बिजागरीकडचे तीन लांब, बाकीचे आखूड. लांब स्क्रू आखूड जागी घातला तर वरचं कव्हर फुटतं म्हणे. जॉबर म्हणाला, "आपल्या मागाचं पण असंच असतं की बे." झाकण निघालं आणि बॅटरी दिसली. मधला कप्पा उशीसारखा टम्म. ती त्यांनी नखानंसुद्धा न दाबता, आधी जोडणी सोडवून, स्क्रू काढून उचलली आणि वाळूच्या बादलीत ठेवली.

मग बिनतारींनी सांगितलं होतं ते बघितलं. 'स्लॉट्स यूज्ड: वन ऑफ टू', 'फॉर्म फॅक्टर: रो ऑफ चिप्स', आणि डिस्क एचडीडी, काही न करता १०० टक्के व्यस्त. म्हणजे ४ जीबी सोल्डर केलेली, ते खरं. पण शेजारीच एक मोकळी खाच, वर काळा कागद चिकटवलेला! "वाढत नाही" म्हणे.

बिनतारी

आकडा बघून वाटलंच होतं. तुमचा खरा चोर रॅमपेक्षाही ती डिस्क आहे. मिनिटाला ५४०० फेरे मारणारी तबकडी, विंडोज ११ तिला श्वास घेऊ देत नाही. एम-डॉट-टू ची (एसएसडी बसवायची) जागा आहे का बघायला सांगा, आणि लांबी मोजायला सांगा. २२४२ ला ४२ मिलिमीटर, २२८० ला ८०. मापाची चूक झाली तर स्क्रू बसत नाही. रॅम डीडीआर-४ चीच, डीडीआर-५ ची पट्टी त्या खाचेत जातच नाही.

पुढच्या वेळी कुठलाही लॅपटॉप घेण्याआधी त्याची सर्व्हिस पुस्तिका वाचा. डेल, एचपी, लेनोवो आपापल्या संकेतस्थळावर ती फुकट ठेवतात. रॅमच्या पानावर काढायची कृती दिली असेल तर ती निघते. नसेल तर दुकानदार काहीही सांगो.

हिशेबवाली

शेवटचा वृत्तांत देते. ८ जीबीची एक पट्टी आणि ५१२ जीबीची एसएसडी बसवली. रॅम सध्या फार महाग झालीय म्हणून ८ वरच थांबले. जुनी डिस्क तशीच ठेवलीय, बॅकअपला. सगळं मिळून सेवा केंद्राच्या कीबोर्डपेक्षा थोडंच जास्त लागलं. आज सकाळी टॅली उघडलं तेव्हा मी अजून पीठ मळत होते.

जीएसटीआर-१ काल रात्री १० तारखेलाच भरून झाले.

बॅटरी अजून मिळालेली नाही. दादांनी दोन आणून दाखवल्या, दोन्हींच्या लेबलवर एकच क्रमांक आणि वजन वेगळं, मग त्यांनीच परत पाठवल्या. तोवर नुसत्या चार्जरवर चालवतेय. दुपारी लाईट गेली आणि एका कारखान्याची चौदा व्हाउचरं पुन्हा टाकावी लागली, म्हणून लहान यूपीएस बघतेय. कुणाकडे जुना असला तर सांगा.

आणि नमपॅड. साडेतीन तास लॅपटॉप सोडायला मला २० तारखेनंतरच जमेल, जीएसटीचं ३-बी विवरणपत्र भरून झाल्यावर. तोपर्यंत यूएसबीचा सुटा नमपॅड लावलाय. त्यावर ५ उमटतो, पण बोट सवयीनं जुन्याच जागी जातं.