शब्दचर्चा: पत्ता 'काढणे', 'बनवणे' की 'जनरेट करणे'?

पंचवटी: क्रिप्टो वॉलेटचा पत्ता, म्हणजे नाणी जिथे पाठवायची ती अक्षरांची ओळ, जनरेट करण्याला मराठीत काय लिहावं? 'पत्ता काढला' म्हटलं की कुणाचा तरी ठावठिकाणा शोधल्यासारखं वाटतं आणि 'बनवला' म्हटलं तर बनावट.

नाशिकरोड: 'काढणे'च लिहा, पण 'किल्लीवरून' हा शब्द सोडू नका. वर्गमूळ काढतो, व्याज काढतो, तसाच पत्ता हिशेबाने निघतो. तो कुणी नेमून देत नाही. बिटकॉइनची जुनी पद्धत घ्या. २५६ बिटांची यादृच्छिक संख्या म्हणजे खासगी किल्ली. तिच्यावरून सार्वजनिक किल्ली, तिच्यावर एसएचए-२५६ आणि मग राइपएमडी-१६० ही हॅशची सूत्रं चालवून २० बाइट. त्यांच्यापुढे जाळ्याचा (नेटवर्कचा) १ बाइट लावायचा: मुख्य जाळ्याला ०, टेस्टनेटला, म्हणजे चाचणीसाठीच्या वेगळ्या जाळ्याला, १११. मागे चेकसमचे, म्हणजे चूक पकडणाऱ्या पडताळणीचे, ४ बाइट, आणि सगळं बेस-५८ मध्ये, म्हणजे ५८ अक्षर-अंकांत लिहायचं. म्हणून मुख्य पत्ता '१'ने सुरू होतो, टेस्टनेटचा 'एम' किंवा 'एन'ने.

सिडको: चेकसमला आपला 'ताळा' आहे की! ४२२ पाहून टपाल नाशिककडे वळतं, तसा तो पहिला बाइट जाळं सांगतो. पण पिनकोडाला ताळा नसतो, इथे असतो, आणि जाळ्याचा बाइट धरूनच तो काढलेला असतो. त्यामुळे पहिलं अक्षर हाताने बदललं तर ताळा जुळत नाही, वॉलेट पत्ता नाकारतं. नव्या 'बीसी१' (मुख्य जाळं) आणि 'टीबी१' (टेस्टनेट) पत्त्यांतही तसंच.

पंचवटी: पण वॉलेटच्या ज्या १२ शब्दांतून सगळ्या किल्ल्या निघतात, त्याच शब्दांवरून दोन्हीकडचे पत्ते काढले, तर उपसर्ग सोडून उरलेली अक्षरंही वेगळी का?

नाशिकरोड: कारण तिथे किल्लीच वेगळी निघते. किल्ल्या काढण्याच्या मार्गात नाण्याचा आकडा मुख्य जाळ्यासाठी ०, टेस्टनेटसाठी १ असतो. शब्द चुकले असं समजून नवं वॉलेट काढू नका, आधी मार्ग तपासा.

टेस्टनेटला 'नमुना जाळं' मात्र नको. नोटांच्या प्रेसमधली 'नमुना' शिक्क्याची नोट चलनात फिरत नाही. टेस्टनेटची नाणी खरोखर फिरतात, फक्त त्यांना मोल नसतं. 'सरावजाळं' मला जास्त पटतं.

सिडको: एक भेद इथेच नोंदवतो. इथेरियमच्या पत्त्यात जाळ्याची खूण नसतेच. तोच पत्ता मुख्य जाळ्यावर आणि सेपोलिया या टेस्टनेटवर चालतो. साखळीचा (जाळ्याचा) क्रमांक, म्हणजे मुख्यसाठी १ किंवा सेपोलियासाठी १११५५१११, व्यवहाराच्या सहीत जातो. तेव्हा बिटकॉइनबाबत 'टेस्टनेटचा पत्ता' म्हणा, इथेरियमबाबत 'टेस्टनेटवर वापरलेला पत्ता'.