नळी ‘टाकायची’, ‘घालायची’ की ‘सरकवायची’?

मी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवते. सध्या लघवीच्या नळीचा, म्हणजे कॅथेटरचा सराव चालू आहे. माणसावर हात ठेवण्याआधी ओटीपोटाच्या प्रतिकृतीवर तो करून घेतो. वर पाण्याची पिशवी टांगलेली असते, आत पोकळ मूत्राशय असतो आणि नळी नीट पोहोचली की खरोखर पाणी उतरतं. स्त्री आणि पुरुष, दोन्ही भाग बदलून लावता येतात.

गेल्या आठवड्यात एका मुलीनं सगळं अगदी बिनचूक केलं. हात धुतले, निर्जंतुक हातमोजे चढवले, जेली लावली, पाणी उतरलं. मी म्हटलं, “छान. आता फुगा फुगव.” तिनं रिकामी सिरिंज उचलली, दट्ट्या मागे ओढला आणि नळीच्या बाजूच्या तोंडातून आत हवा सोडली. पाण्याची सिरिंज शेजारीच भरून ठेवलेली होती. मी थांबवल्यावर ती गोंधळून म्हणाली, “मॅडम, तुम्हीच फुगवायला सांगितलंत.”

खरंच सांगितलं होतं. मराठीत फुगा हवेनंच फुगतो. फोली कॅथेटरच्या, म्हणजे मूत्राशयात राहू द्यायच्या नळीच्या, टोकाचा फुगा मात्र निर्जंतुक पाण्यानं भरायचा असतो, मोठ्या माणसात बहुधा १० मिलि. हवा भरली तर फुगा मूत्राशयात तरंगतो आणि हळूहळू सैल पडतो. सलाईन भरलं तर क्षाराचे कण फुगा भरायच्या बारीक वाटेत साचू शकतात, मग काढायच्या वेळी फुगा रिकामा होत नाही. त्या दिवसापासून मी ‘फुगा भरा’ असंच म्हणते.

तेव्हापासून बाकीचे शब्दही खटकायला लागलेत. वॉर्डात सर्रास ‘नळी टाकली’ म्हणतात. पुस्तकात ‘मूत्रनलिका प्रविष्ट करणे’ असतं, ते मुलं तोंडानं कधीच म्हणत नाहीत. शिवाय मूत्रनलिका म्हटलं की काहींना मूत्रमार्ग आठवतो, काहींना मूत्रपिंडाकडून येणारी मूत्रवाहिनी. शिकवताना कोणतं क्रियापद धरावं? आणि त्या प्रतिकृतीला काय म्हणावं? मुलं ‘डमी’ म्हणतात, ते मला अजिबात आवडत नाही.

प्रतिसाद

ताई, ‘टाकणे’ची गंमत बघा. पत्र पेटीत टाकतो, ओझं टाकतो, नको ते टाकून देतो. या सगळ्यांत शेवटी वस्तू हातातून सुटते. सुटली की आपलं काम संपलं. नळीच्या बाबतीत हे नेमकं उलट आहे, शेवटपर्यंत ती बोटांच्या चिमटीत हवी.

‘घालणे’ यापेक्षा जवळचं. बोटात अंगठी घालतो, डोळ्यात थेंब घालतो. तिथे आत जाणारी वस्तू आणि ती घेणारं अंग, दोन्हींची दखल आहे. सुईत दोरा ‘ओवणे’ मला फार मोहात पाडतं, कारण त्यात नजर आहे आणि धीर आहे. पण ओवलेली गोष्ट दुसऱ्या बाजूनं बाहेर येते, म्हणून ते सोडावं लागेल.

माझं मत असं, की इथे एका क्रियापदावर भागणार नाही. हाताची हालचाल ‘सरकवणे’. फुगा भरून नळी जागच्या जागी राहिली की ती ‘बसली’. म्हणजे फोली ‘बसवतात’. आणि जी लघवी काढून लगेच बाहेर घ्यायची, ती साधी नळी ‘घालून काढतात’. हा फरक शब्दातच आला तर मुलांना वेगळा पाठ करावा लागणार नाही.

प्रतिसाद

मी मूत्ररोगतज्ज्ञ आहे. वरचा भेद वैद्यकीय दृष्टीनंही बरोबर बसतो. स्वच्छ हातांनी, ठरावीक वेळानं स्वतःच नळी घालून काढण्याची पद्धत जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये मांडली. मज्जारज्जूला इजा झालेली असंख्य माणसं आज तशी जगतात. त्यांच्या तोंडी ‘बसवणे’ कधी येत नाही, ‘नळी घालून येतो’ असंच येतं.

मी आणखी एक जोडी सुचवतो: ‘अडली’ आणि ‘अडकली’. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंमी, पुरुषाचा साधारण २० सेंमी, आणि त्याला वळणं आहेत. शिश्न वर उचलून सरळ धरलं तरी प्रोस्टेटच्या आसपास नळी थबकते. विद्यार्थी ‘सर, अडकली’ म्हणाला की समजावं, आता हा जोर लावणार. अडकलेली वस्तू आपण सोडवतो, ओढतो, रेटतो. ‘अडली’ म्हटलं की माणूस थांबतो. थांबायचंच असतं. रुग्णाला सावकाश श्वास घ्यायला सांगायचं, हात स्थिर ठेवायचा. स्नायू ढिला पडला की ती आपसूक पुढे जाते. नाही गेली तर रेटायचं नाही, वरिष्ठांना बोलवायचं.

दुसरं, ‘लघवी आली’ म्हणजे ‘पोहोचली’ नव्हे. लघवी दिसली तरी फुगा अजून मूत्रमार्गात असू शकतो. तिथे भरला तर मार्ग फाटतो, रक्त येतं. म्हणून पुरुषात नळी तिच्या फाट्यापर्यंत, म्हणजे बाहेरच्या टोकाला फुग्याचं तोंड वेगळं फुटतं तिथपर्यंत, सरकवायची आणि मगच फुगा भरायचा. मी ‘फाट्यापर्यंत’ हा शब्द मुलांकडून मोठ्यानं म्हणून घेतो. भरताना हाताला विरोध जाणवला किंवा रुग्ण कळवळला तर लगेच थांबायचं. प्रतिकृती कळवळत नाही, हे मात्र दर वेळी सांगावं लागतं.

प्रतिसाद

मी आयुर्वेद शिकवते. सरावाला आपल्याकडे एक जुना, नेमका शब्द आहे: ‘योग्या’. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय याच विषयाचा आहे. शिष्यानं सगळं शास्त्र शिकलं तरी त्याच्याकडून योग्या करवून घ्यावी, असं तिथे म्हटलंय. पुढचं वाक्य तर शब्दखेळच आहे: ‘सुबहुश्रुतोऽप्यकृतयोग्यः कर्मस्वयोग्यो भवति’. पुष्कळ ऐकलं-वाचलं, पण योग्या केली नाही, तो कर्माला अयोग्य. आपण मराठीत रोज ‘योग्य’, ‘अयोग्य’ म्हणतो, पण ‘योग्या’ मात्र विसरलो.

कशावर सराव करायचा तेही दिलंय. छेद घ्यायला भोपळा, काकडी. टाके घालायला कापड आणि मऊ कातडं. पट्ट्या बांधायला ‘पुस्तमय पुरुष’, म्हणजे घडवलेला मानवी पुतळा. आणि तुमच्या विषयाच्या सर्वांत जवळचं म्हणजे, बस्तीची, म्हणजे शरीरात औषधी द्रव सोडायची, नळी सारण्याचा सराव पाण्यानं भरलेल्या घड्याच्या कुशीतल्या छिद्रावर आणि दुध्याभोपळ्याच्या तोंडावर करायचा. पाण्याची पिशवी, छिद्र आणि नळी. तुमची प्रतिकृती दुसरं काय आहे? ‘सारणे’ हे क्रियापदही विचारात घ्या. त्यात सावकाशपणा आपोआप येतो.

मूत्रमार्ग मोकळा करण्याच्या शलाकेचं, म्हणजे बारीक सळईचं, मापही त्याच ग्रंथात आहे. तिची गोलाई मालतीच्या फुलाच्या देठाच्या टोकाएवढी असावी, असं सांगितलंय.

प्रतिसाद

मालतीचा देठ वाचून फार बरं वाटलं. आपण ‘१६ नंबरची फोली द्या’ म्हणतो, तो नंबर कशाचा हे कित्येक सिस्टरांनाही सांगितलेलं नसतं. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये शारिएर नावाचे उपकरणं बनवणारे कारागीर होते, त्यांचं हे माप. नंबरला ३ नं भागलं की नळीची बाहेरची जाडी मिलिमीटरमध्ये मिळते. १६ नंबर म्हणजे सुमारे ५.३ मिमी. नंबर वाढला की नळी जाड होते. इंजेक्शनच्या सुईत याच्या उलट, नंबर वाढला की सुई बारीक. नवी मुलं इथे हमखास चकतात.

प्रतिसाद

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. वडिलांना नळी लागली तेव्हा मी शेजारी उभा होतो. सिस्टर म्हणाल्या, “आजोबा, तिथे नळी टाकायची आहे.” बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ‘तिथे’ म्हणजे कुठे, हे त्यांना कळलं नव्हतं, आणि ‘टाकायची’ ऐकून त्यांनी दोन्ही हातांनी चादर घट्ट धरली. दुसऱ्या वेळी वेगळ्या सिस्टर आल्या. त्या म्हणाल्या, “आजोबा, लघवी तुंबलीय ना, ती मोकळी करायला लघवीच्या जागेतून एक मऊ नळी सरकवते. आधी गार जेली लावते, तीन-चार मिनिटं थांबते, मग सुरू करते. दुखलं तर सांगा, मी थांबेन.” बाबांनी चादर सोडली. नळी तीच होती. शब्दांवर तुम्ही चर्चा करताय म्हणून लिहावंसं वाटलं.

मूळ लेखिका

भाऊ, तुमचा प्रतिसाद मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

‘तिथे’ हा शब्द माझ्या वर्गातही आहे. मुलं-मुली लाजतात, मग ‘तिथे’, ‘खाली’, ‘ती जागा’ चालू होतं. स्त्रीच्या प्रतिकृतीवर याचा परिणाम दिसतो. भगोष्ठ बाजूला केले की मूत्रद्वार आणि योनीमुख, दोन्ही ‘तिथे’च असतात. दहातली दोन-तीन मुलं पहिल्यांदा नळी योनीत घालतात आणि पाणी का उतरत नाही म्हणून आणखी सरकवतात. मी सांगते, चुकलेली नळी लगेच काढू नका. खूण म्हणून राहू द्या आणि नवी निर्जंतुक नळी तिच्या वरच्या द्वारात सरकवा. पण आता त्याआधी मी बोट ठेवून नावं म्हणून घेणार. मूत्रद्वार, योनीमुख, भगोष्ठ, शिश्नमुंड, अग्रत्वचा. प्रतिकृतीपुढे जीभ सैल झाली तरच रुग्णापुढे धड बोलता येईल. अग्रत्वचा मागे घेतली होती ती काम झाल्यावर पुन्हा पुढे आणायची, हे ‘ते परत नीट करा’ असं म्हटल्यावर कुणाच्याही लक्षात राहत नाही. ती मागेच राहिली तर सुजते आणि मोठं दुखणं होतं.

‘डमी’ मी वर्गातून काढून टाकतेय. डमी म्हणजे खोटा, दुसऱ्याच्या जागी बसवलेला. खोट्याशी माणूस खोटंच वागतो. मी पाहिलंय, ‘डमीवर करून घे’ म्हटलं की मुलं जेलीसुद्धा लावत नाहीत आणि कोरडं रबर नळीला धरून ठेवतं. ‘पुतळा’ म्हटलं की चौथरा आठवतो. ‘बाहुली’त खेळ आहे. वर्गात ‘प्रतिकृती’ म्हणेन आणि कामाला ‘सराव’च म्हणेन. ‘योग्या’ फळ्यावर कोपऱ्यात लिहून ठेवेन, ती मला मनापासून आवडली आहे.

क्रियापदांचं ठरलं: नळी सरकवायची, फाट्यापर्यंत न्यायची, फुगा भरायचा, मग ती बसली. काढताना फुगा रिकामा करायचा, मगच नळी काढायची. ‘अडली’ म्हणायचं, ‘अडकली’ म्हणायचं नाही.

एक राहिलं. कॅथेटर तो, ती की ते? मी तिन्ही ऐकलंय. ‘नळी’मुळे माझ्या तोंडी ती येते, डॉक्टर मंडळी बहुतेक ‘कॅथेटर टाकला’ म्हणतात. तुमच्याकडे काय म्हणतात?

प्रतिसाद

आमच्या विभागात ‘तो’. पण काढायची वेळ झाली की सगळे रुग्ण एकच विचारतात, “नळी कधी निघणार?” तेव्हा ती.