शब्दचर्चा : 'सर्क्युलर रेफरन्स'ला मराठीत काय म्हणावं?

आर्णीहून : आमच्या शेतकरी गटाच्या तूरखरेदीचा हिशेब एक्सेलमध्ये असतो. गटातल्या मुलींसाठी मराठीत टिपण लिहितेय. डी२ मध्ये एकूण रक्कम, ई२ मध्ये गटाचं कमिशन, एफ२ मध्ये शेतकऱ्याला द्यायची निव्वळ रक्कम. कमिशन निव्वळ रकमेवर २ टक्के ठरलंय, आणि निव्वळ म्हणजे एकूण वजा कमिशन. सूत्र टाकलं की 'सर्क्युलर रेफरन्स'चा, म्हणजे सूत्राला फिरून स्वतःचंच उत्तर लागतंय असा, इशारा येतो आणि खान्यात शून्य दिसतं. टिपणात 'चक्रीय संदर्भ' लिहिलं, तर एकीने विचारलं, "ताई, कोणतं पत्र जोडायचं?"

दर्यापूरहून : थ्या पोरीचं काही चुकलं नाही ताई. संदर्भ म्हटलं का 'उपरोक्त संदर्भीय पत्रान्वये'च आठवते. आमचा संगणकवाला पोरगा 'सर्क्युलर आला' म्हन्ते, तं सचिव इचारते, कोन्त्या खात्याचा? त्याईले परिपत्रक वाटते ना बाप्पा!

वर्ध्याहून : म्हणजे दोन्ही शब्द कचेरीने आधीच अडवून ठेवलेत. पण या दोषाला आपल्याकडे जुनी नावं आहेत, तीही एक नव्हे, तीन. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, एखादी गोष्ट स्वतःच्याच आधारावर उभी असेल तर तो आत्माश्रय, दोन गोष्टी एकमेकींवर टेकल्या तर अन्योन्याश्रय, आणि तीन किंवा जास्त गोष्टींतून फिरून पुन्हा पहिलीशी आलं तर चक्रक. एक्सेल या तिन्हींना एकच इशारा देतं. डी१० मध्ये डी२ ते डी१० ची बेरीज मागितली की आत्माश्रय. ही चूक नेहमी होते. ताईंचा घोटाळा अन्योन्याश्रयाचा आहे : ई२ ला एफ२ हवा, एफ२ ला ई२.

दर्यापूरहून : शब्द लय भारी आहेत सर, पन आत्माश्रय म्हटलं तं पोरी आश्रमशाळेचा फॉर्म समजतीन. नाव ठेवायपरीस काय झालं थे सांगा : 'सूत्र फेऱ्यात अडकलं'.

वर्ध्याहून : मान्य. 'फेऱ्यात अडकलं' उत्तम आहे, कारण पुढचा प्रश्न आपोआप येतो : कुठून सोडवायचं? तरी शिकवणाऱ्याने तीन प्रकार मनात ठेवावेत, कारण उपाय वेगळे आहेत. आत्माश्रयात बेरीज डी९ पर्यंत आणली की झालं. अन्योन्याश्रयात थोडं बीजगणित लागतं. ताई, ई२ मध्ये डी२ गुणिले २ भागिले १०२ असं सूत्र टाका. एकूण ५१,००० असेल तर कमिशन १,००० आणि निव्वळ ५०,०००. त्याचे २ टक्के बरोबर १,०००. चक्रकात मात्र फेरा शोधावाच लागतो : फॉर्म्युलाज टॅबमध्ये एरर चेकिंगशेजारचा बाण, त्यात सर्क्युलर रेफरन्सेस. तिथे खान्याचा पत्ता मिळतो.

आर्णीहून : सूत्र चाललं! पण तालुक्याच्या एका जाणकाराने सांगितलं होतं, ऑप्शन्समध्ये 'इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन' सुरू करा, इशाराच येणार नाही.

वर्ध्याहून : येणार नाही, आणि तीच भीती. त्यात एक्सेल तेच गणित पुन्हा पुन्हा करतं; मूळ सेटिंग १०० फेऱ्यांचं असतं. तुमच्या कमिशनचं उत्तर त्या फेऱ्यांत ठीक येईलही. पण कुणी बेरजेत बेरजेचाच खाना घेतला, तर दर फेरीला रक्कम चढत जाते आणि कुणी टोकत नाही. ते बंदच ठेवा.

आर्णीहून : बरं. टिपणात 'सूत्र फेऱ्यात अडकलं' लिहिते, खाली इशाऱ्याची मूळ इंग्रजी ओळ देवनागरीत. पडद्यावर तीच दिसणार ना. आणि 'सेल'ला रकाना चालेल का?

दर्यापूरहून : नाही ताई. खातेवहीत रकाना उभा असते. खानाच लिवा.