सुतारकामाचे हवेसे वाटणारे, पण आपल्याजवळ नसलेले अवजार

ओसरी
पावसाने फुगलेले दार तासायला आज सुतार आले होते. रंध्यातून निघणाऱ्या सागवानी छिलक्यांचा वास घरभर पसरला आणि मला आजोळच्या सुतारांची पडवी आठवली. बलुत्यावर काम करणारे ते गृहस्थ जमिनीवर बसून फळी पायांत धरत आणि वाकसाने औताचा दांडा इतक्या सहज तासत की, पाहणाऱ्याला ते लाकूड मऊच असावे असे वाटे. निवृत्तीनंतर मी हा छंद धरला आहे, पण गुडघ्यांमुळे मला जमिनीवर बसून काम करता येत नाही. म्हणून मला हवे आहे ते लाकूड आवळून धरणारा शेगडा बसवलेले, उभ्याने काम करता येईल असे जड टेबल. रंधा मारताना सगळा जोर आडवा लागतो आणि टेबल हलके असेल तर फळीऐवजी टेबलच पुढे सरकते. त्यासाठी पैसे बाजूला ठेवलेले आहेत, परंतु आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि खालच्या घरात तान्हे मूल आहे. पटाशीवर मोगरीचा ठोका पडला की तो टेबलाच्या पायांतून थेट त्यांच्या छतापर्यंत जाणार, हे ठाऊक असताना ते टेबल घरात आणावेसे वाटत नाही. आपल्याकडे कोणते अवजार नाही आणि का नाही, हे कृपया सविस्तर लिहावे.

लांब पाते
लांब रंधा. दोन फळ्या कडेला कड लावून जोडायच्या असतील, तर कड सरळच हवी, आणि आखूड रंधा फळीच्या खड्ड्यांतून वर-खाली होत जातो. बावीस इंचांच्या आसपास लांबीचा लोखंडी रंधा फक्त उंचवटे कापतो आणि कड आपोआप सरळ होत जाते. पुण्याच्या बाजारात नऊ-दहा इंचांचे रंधे सहज मिळतात, परंतु लांब रंधा क्वचितच दिसतो, आणि जो दिसला त्याचा तळ पट्टी लावून पाहिला तर मधे उजेड दिसत होता. एवढा लांब तळ काचेवर पॉलिश पेपर चिकटवून घासत बसणे नोकरी सांभाळून होण्यासारखे नाही. परदेशातून मागवायचा, तर त्याच्या किमतीवर वाहतूक आणि जकात चढते. सध्या मी जुन्या शिसवी खाटेच्या दांड्यातून लाकडी रंधा घडवतो आहे. त्याचे पाते गावच्या लोहाराने ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून करून दिले आहे आणि धार उत्तम टिकते.

लाल माती
मला लेथ, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून त्याला गोल आकार देण्याचे यंत्र, हवा आहे. मी सावंतवाडीजवळ राहते आणि लहानपणापासून पांगाऱ्याच्या लाकडाची, लाखेच्या रंगांची खेळणी पाहत आले आहे. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून रंग चढतो, ते पाहताना आजही माझे पाय निघत नाहीत. माझ्याकडे लेथ नसण्याचे कारण वीज हे आहे. आमच्या वाडीत संध्याकाळी विजेचा दाब २३० व्होल्टवरून १८० पर्यंत उतरतो, आणि इंडक्शन मोटरचे बळ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्यामुळे १८० वर ती साठ टक्क्यांच्या आसपासच जोर देते. अशा वेळी पटाशी टेकवली की मोटर अडखळते आणि तापू लागते. मला तर दिवसभराची कामे आटोपल्यावर संध्याकाळचाच वेळ मिळतो. मोठा स्टॅबिलायझर घ्यावा, तर त्यातच निम्म्या लेथचे पैसे जातात.

ओसरी
लाल माती, तुमच्या भागात पायाने फिरवण्याचा लेथ करून देणारे कोणी आहे का? तुमच्या संध्याकाळच्या वेळेला तो उपयोगी पडेल असे वाटते.

लाल माती
चौकशी केली आहे. एका वयस्कर कारागिरांनी पावसाळा संपल्यावर करून देण्याचे कबूल केले आहे.

खारा वारा
कोकणातल्यांसाठी एक पुरवणी जोडतो. मला बीडाच्या जाड पाटाचा टेबल सॉ, म्हणजे पाटातून गोल पाते वर आलेले करवतीचे यंत्र, फार आवडतो, पण समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर असल्याने जून ते सप्टेंबर त्याच्यावर गंज धरल्यावाचून राहणार नाही. माझ्या पटाश्यासुद्धा यंत्राच्या तेलाने पुसून, कापडात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्या लागतात. खोबरेल तेल मात्र कोणी वापरू नये, कारण काही महिन्यांनी त्याचा चिकट थर बसतो.

दहा बोटे
टेबल सॉ मलाही हवा आहे आणि जागा, पैसा, वीज हे सगळे असूनही मी तो घेतलेला नाही, कारण मला त्याची भीती वाटते. आपल्याकडे अनेक कामांवर हातातली गोल करवत प्लायवुडच्या तुकड्याखाली उलटी बसवून टेबल सॉ तयार करतात. त्याला पात्यावरचे झाकण नसते आणि चिरलेले लाकूड पात्यावर आवळू न देणारी मागची पट्टीही नसते. लाकूड आवळले की पाते ते कापणाऱ्याच्या अंगावर भिरकावते. माझ्या मामांच्या उजव्या हाताची दोन बोटे अशाच टेबलावर गेली. स्टीव्ह गॅस यांनी शोधलेल्या सॉस्टॉप यंत्रात पात्यावर सूक्ष्म विद्युत संकेत सोडलेला असतो. त्वचेच्या स्पर्शाने तो बदलताच अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसतो आणि सुमारे पाच मिलिसेकंदांत पाते थांबते. ठोकळा बदलावाच लागतो आणि बहुधा पातेही जाते, पण बोट वाचते. तसे यंत्र परवडेपर्यंत मी सरळ पट्टी आवळून हातातल्या गोल करवतीनेच कापणार आहे.

लांब पाते
दहा बोटे, तुमचा निर्णय मला अगदी योग्य वाटतो. मामांना नमस्कार सांगा.

परतीचा सामान
आम्ही न्यू जर्सीहून नाशिकला परतलो, तेव्हा चौदा इंची बँडसॉ, म्हणजे अखंड पट्टीच्या पात्याचे करवतीचे यंत्र, तिकडेच विकावा लागला. आजही वळणदार काम करायला घेतले की त्याची उणीव फार जाणवते. तिथली वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्‌झची आहे, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्‌झ बदलत नाही. त्यामुळे बँडसॉची इंडक्शन मोटर येथे पाच-षष्ठांश वेगाने फिरली असती आणि त्याच व्होल्टवर चालवल्यास जास्त तापलीही असती. ब्रश असलेल्या मोटरींना हर्ट्‌झचा अडसर नसतो, म्हणून लाकडात खाचा कोरणारा राउटर आणि ड्रिल मात्र मी बरोबर आणले व ट्रान्सफॉर्मरवर ते उत्तम चालतात. येथे नवा बँडसॉ घ्यायचा, तर भाड्याच्या घराचे मालक यंत्राला परवानगी देत नाहीत.

पांढरा रुमाल
सगळे यंत्रांविषयी लिहीत आहेत, मला भुसा ओढणारे यंत्र हवे आहे. माझ्या मुलीला दमा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ मानवात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली, हे वाचल्यापासून मी बाल्कनीत पॉलिश पेपर घासणे थांबवले आहे. डोळ्यांना दिसणारा भुसा झाडून काढता येतो, परंतु खरा त्रास तरंगत राहणाऱ्या बारीक कणांचा असतो आणि घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर त्यातले बरेचसे पुन्हा खोलीत सोडतो. बारीक गाळणीचे यंत्र माझ्या सगळ्या अवजारांच्या एकत्रित किमतीहून महाग आहे. तोवर मी केवळ रंधा आणि धारदार पटाशी वापरते, कारण त्यांतून बहुतांशी छिलके निघतात, धूळ फारच थोडी होते.

परतीचा सामान
पांढरा रुमाल, घासण्याऐवजी पोलादी पट्टीची खरवडणी वापरून पाहा. तिची कड बारीक वळवली की शिसवासारख्या कठीण लाकडावरही तलम छिलके निघतात आणि घासकामाची गरज बरीच कमी होते.

पांढरा रुमाल
मनापासून आभार. कड किती अंशात वळवावी आणि त्यासाठी कोणते पोलाद चालते, हे सवडीने लिहाल का? जुन्या हातकरवतीच्या पात्याचा एक तुकडा माझ्याकडे आहे.

परतीचा सामान
तो तुकडा चालेल. कड आधी कानशीने काटकोनात घासा, मग दगडावर गुळगुळीत करा आणि स्क्रूड्रायव्हरच्या गोल दांड्याने, तेलाचा थेंब लावून, दाबत पाच ते दहा अंश कलवा. बोटाला हलकी आकडी लागली की ती तयार झाली.