मदत हवी आहे: पार्श्वसंगीताला मार्क द्यायचे तर ऐकायचं नेमकं कसं?

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरची, मंगळवार पेठेत राहते. प्रश्न जरा लांबडा झालाय पण पूर्ण वाचून मगच उत्तर द्या ही विनंती.

आम्ही सात जण आहोत, दर पंधरा दिवसांनी रविवारी संध्याकाळी आमच्या माडीवर जमतो आणि सिनेमा-वेबसिरीजचं पार्श्वसंगीत ऐकतो. गाणी नाही, फक्त बीजीएम. चार वर्षं झाली, एकही रविवार सहसा चुकवत नाही. यंदा एका दिवाळी अंकानं आमच्याकडं लेख मागितलाय, 2019 पासून पुढच्या कामांतलं कुठलं चांगलं, का चांगलं, आणि दहापैकी मार्क. लिहायचं काम माझ्याकडं आलंय आणि मी पार अडकलेय, कारण मार्क द्यायला बसल्यावर लक्षात आलं की आपण नक्की कशाला मार्क देतोय हेच ठरलेलं नाही.

उदाहरण देते. चेर्नोबिल ही पाच भागांची सिरीज, 2019 ची, संगीत हिल्डूर गुडनाडोट्टिर या आइसलँडच्या बाईंचं. मी आधी नुसता अल्बम ऐकला, तोही मोबाईलवर, रंकाळ्याला चालायला जाते तेव्हा. काहीच हाताला लागलं नाही. नुसती घरघर, घोंघावणं, कुठंतरी लांब गळा. वहीत चार मार्क लिहिले. नंतर भाच्यानं सिरीज लावली, रात्री दिवे बंद करून दोन भाग बघितले आणि मला झोप लागली नाही. मग वाचलं तर बाईंनी लिथुआनियातल्या बंद पडलेल्या अणुवीज केंद्रात जाऊन तिथले पंप, दारं, मोकळ्या खोल्यांचा घुमारा रेकॉर्ड केला आणि त्यातूनच संगीत केलं, वाद्यं जवळजवळ नाहीतच, त्यांचा स्वतःचा गळा आहे. एमी मिळालं त्याला. म्हणजे मी दिलेले चार मार्क चुकीचे होते हे मला मान्य आहे, पण मग बरोबर किती? आणि अल्बम ऐकून जे वाटलं ते खोटं होतं का?

उलटं उदाहरण स्कॅम 1992 चं. अचिंत ठक्करची ती टायटलची धून, 2020 साली अख्ख्या गावाची रिंगटोन होती, मी डोळे झाकून नऊ दिले. मागच्या महिन्यात परत बघायला घेतली तेव्हा कळलं की भागांच्या आत संगीत कुठं येतं, कुठं थांबतं याकडं मी पहिल्यांदा ढुंकूनही बघितलं नव्हतं, मी फक्त टायटलला नऊ दिले होते. काम कदाचित नऊचंच असेल, पण मी ते तपासलेलंच नाही ना.

तिसरी गोष्ट आमच्या आप्पांची. आप्पा भजनी मंडळात चाळीस वर्षं पेटी वाजवायचे, संगीत नाटकांच्या तालमींना पायपेटीवर पण बसलेत. मी ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट लावला होता, 2022 चा जर्मन सिनेमा, त्यात ते तीन सुरांचं एकदम जाडजूड, फाटक्या आवाजातलं येतं ना, ते ऐकून आप्पा आतल्या खोलीतून म्हणाले, पेटी कोण वाजवतंय? मी म्हटलं आप्पा हे कॉम्प्युटरवर केलेलं असतं. ते म्हणाले भाता ऐकू येतोय, ही पेटीच. आणि खरंच, फोल्कर बेर्टेलमाननी पणजीची जुनी पायपेटी दुरुस्त करून तीच वापरली होती, 2023 चं ऑस्कर त्याला. आप्पांना एक अक्षर माहिती नव्हतं, नुसत्या कानानं ओळखलं. तेव्हापासून मला वाटतंय की कान असेल तर ऐकायची काहीतरी पद्धत असणार, ती मला शिकायची आहे. मला स्टाफ नोटेशन येत नाही, पाच परीक्षा गांधर्वच्या दिल्यात तेवढंच.

तर मदत अशी हवी. मार्क अल्बमला द्यायचे का सिनेमात वाजतं त्याला? आवाज आणि संगीत एकमेकात मिसळलेलं असेल तर कुणाचं श्रेय कुणाला? आणि ज्यांचं हे रोजचं काम आहे ते स्वतः कसं ऐकतात?

प्रतिसाद १ (पुण्याहून, मिक्सिंगच्या कामातला)

ताई, प्रश्न आवडला. आधी एक समजून घ्या की तुम्हाला सिनेमात जे ऐकू येतं ते एकट्या संगीतकारानं ठरवलेलं नसतं. एडिट झालं की दिग्दर्शक, संगीतकार, म्युझिक एडिटर एकत्र बसून सिनेमा बघतात आणि कुठं संगीत येणार, कुठं नाही हे ठरवतात, त्याला स्पॉटिंग म्हणतात. त्याच्याही आधी एडिटरनं दुसऱ्याच कुठल्यातरी सिनेमाचं संगीत तात्पुरतं खाली लावलेलं असतं, टेम्प ट्रॅक, आणि महिनोन्‌महिने तेच ऐकून दिग्दर्शकाला ते इतकं आवडायला लागतं की संगीतकाराला सांगतात असंच दे. त्यामुळं एखादं काम दुसऱ्यासारखं वाटलं तर लगेच चोरी म्हणू नका. शेवटी फायनल मिक्स, तिथं संवाद, आवाज, संगीत यांची पातळी ठरते. छान लिहिलेला तुकडा पावसाखाली गाडला जाऊ शकतो आणि साधा तुकडा योग्य जागी आल्यामुळं अंगावर काटा आणू शकतो.

म्हणून माझ्या मते दोन वेगळे रकाने करा. एक, सिनेमात संगीत कसं वापरलंय. दोन, संगीत म्हणून काय लिहिलंय. अल्बमवर फक्त दुसरा रकाना भरता येतो. आणि तोही अर्धवट, कारण अल्बमसाठी तुकडे लांबवतात, जोडतात, क्रम बदलतात.

ऐकायचं कसं म्हणाल तर पहिल्यांदा नुसता सिनेमा बघा, वही नको. मग एकच पाच-सात मिनिटांचा सीन घ्या, तो आवाज बंद करून बघा, मग डोळे मिटून फक्त ऐका, मग परत नीट बघा. आणि वहीत मार्क नको, वेळ लिहा. संगीत कितव्या सेकंदाला आत आलं, संवादाच्या आधी का नंतर, नटाच्या चेहऱ्यावर बदल दिसायच्या आधीच आलं का. हे लिहायला लागलात की निम्मी उत्तरं तिथंच मिळतात.

अजून एक, मोबाईलच्या स्पीकरवर खर्ज निघतच नाही. ती पायपेटी मोबाईलवर ऐकली असती तर आप्पांनी सुद्धा ओळखली नसती. सगळी कामं एकाच सेटवर, एकाच व्हॉल्यूमला ऐका, कारण थोडं मोठ्यानं लावलेलं आपल्याला उगाच जास्त चांगलं वाटतं, सगळ्यांनाच वाटतं.

प्रतिसाद २ (कोल्हापूरच, राजारामपुरी)

ताई माझं मत वेगळं हाय. चाल लक्षात राहिली पायजे. बाकी सगळं ठीक पण थेटरातनं बाहेर पडल्यावर मंगळवार पेठेपर्यंत चालत जाताना तोंडात एक ओळ पण येत नसेल तर त्याला संगीत का म्हणायचं? मला चेर्नोबिल आवडली, भारी सिरीज, पण ते पंपाचे आवाज म्हणजे साऊंडवाल्याचं काम, त्याला संगीताचे मार्क देऊ नका. तुंबाडचं बघा, जेस्पर किड म्हणून डेन्मार्कचा माणूस, गेमचं संगीत करणारा, 2024 च्या सप्टेंबरला परत लागला तेव्हा मी दोनदा बघितला, त्यात सतत पाऊस हाय, पण पाऊस तो पाऊस आणि संगीत ते संगीत, दोन्ही वेगळं कळतंय की.

मी

दादा तुमचं म्हणणं टाळत नाही, आमच्या सातातले तिघं हेच म्हणतात. पण मग ओपेनहायमर या अणुबॉम्बवरच्या सिनेमाचं काय करायचं? ल्युडविग गोरान्सनचं संगीत, त्यातला एक व्हायोलिनचा तुकडा आहे ज्यात 21 वेळा लय बदलते, मी हातानं ताल धरायचा प्रयत्न केला, जमलं नाही. चाल म्हणून गुणगुणता येत नाही, पण तो तुकडा चालू असताना तरुण ओपेनहायमरच्या डोक्यात काय चाललंय ते कळतं. त्याला पण 2024 चं ऑस्कर मिळालं, अर्थात ऑस्कर मिळालं म्हणून चांगलं असं मी म्हणत नाही, मला फक्त स्वतःच्या कानावर भरवसा ठेवता यायला हवाय.

पुणेकर दादा, वेळ लिहायची कल्पना कालच करून बघितली. खूप उपयोग झाला, सविस्तर लिहिते सवडीनं.

प्रतिसाद ३ (सांगलीहून)

थोडं विषयांतर. तुम्ही कोल्हापूरकर आहात म्हणून आठवलं. प्रभात 1929 ला तुमच्याच गावात सुरू झाली आणि 1932 च्या अयोध्येचा राजाचं संगीत गोविंदराव टेंब्यांचं, म्हणजे ज्यांनी भास्करबुवा बखल्यांना पेटीची साथ केली तेच. पुढं प्रभात पुण्याला गेल्यावर 1937 च्या कुंकूमध्ये शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत बाजूलाच ठेवलं आणि प्रसंगात जे आवाज असतात त्यांच्यावर काम भागवलं. म्हणजे आवाज का संगीत हा वाद आपल्याकडं जवळजवळ नव्वद वर्षांचा आहे, लिथुआनियाच्या पंपांपासून सुरू झालेला नाही. तुमच्या माडीवर एक रविवार कुंकू ठेवा.

आणि गाणी नको, फक्त बीजीएम हा तुमचा नियम योग्यच आहे. राष्ट्रीय पुरस्कारात सुद्धा गाण्यांचं आणि पार्श्वसंगीताचं बक्षीस वेगळं असतं. 2023 च्या सिनेमांसाठी गाण्यांचं वाथीच्या जी. व्ही. प्रकाश कुमारना गेलं आणि पार्श्वसंगीताचं ॲनिमलच्या हर्षवर्धन रामेश्वरना.

एक विचारतो, घरात चाळीस वर्षं साथ केलेला माणूस बसलाय, त्यांना विचारलंत का? चांगला पेटीवाला ते कसा ओळखायचे?

मी

विचारलं नव्हतं. तुमचा प्रतिसाद वाचून त्याच रात्री जेवताना विचारलं, आणि आप्पा अर्धा तास बोलत होते, भाकरी गार झाली.

त्यांचं म्हणणं मला समजलं तसं लिहिते. साथीचा पेटीवाला गवयाच्या पुढं जात नाही, गवयाला जी जागा घ्यायची आहे ती आधी वाजवून टाकली तर गाण्यातलं सगळं गेलं. गवई श्वास घेतो तेवढ्यात सूर भरून ठेवायचा, म्हणजे बैठक रिकामी पडत नाही, पण तो परत सुरू झाला की हात हलका. आणि काही जागांवर हात उचलायचा. हे शेवटचं शिकायला त्यांना दहा वर्षं लागली म्हणे, कारण पेटीवर बसलेल्या माणसाला हात उचलणं म्हणजे आपण काहीच करत नाही असं वाटतं. एका सप्त्यात बुवांनी त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं होतं, आप्पा, माझा अभंग मला म्हणू द्या. ते अजून विसरलेले नाहीत.

मग मी त्यांना ओपेनहायमरमधला बॉम्बच्या चाचणीचा सीन दाखवला. उलटी मोजणी चालू असते तोवर संगीत नुसतं चढत जातं, व्हायोलिनं अंगावर येतात, आणि स्फोट होतो त्या क्षणाला सगळं बंद. नुसता श्वास ऐकू येतो, आगीचा लोळ दिसतोय आणि आवाज नाही, स्फोटाचा आवाज बऱ्याच वेळानं येतो. आप्पांना इंग्रजी कळत नाही, कथा मी दोन वाक्यात सांगितली होती. ते बघून ते एवढंच म्हणाले, उचलला बघ हात.

मला तेव्हा माझ्या वहीत काय कमी होतं ते कळलं. मी नेहमी संगीत वाजतंय तेव्हाच ऐकत होते. पुणेकर दादांच्या सांगण्यावरून वेळा लिहिल्या होत्या, पण फक्त आत यायच्या, बाहेर जायच्या नाही लिहिल्या. आता परत पहिल्यापासून करतेय.

पण या मापात सगळं बसत नाही हेही लिहिते, नाहीतर लेख खोटा होईल. टायटलची धून ही साथ नाही, तिथं गवईच नाही, ती नांदीसारखी आहे, तिला वेगळे मार्क द्यायला पाहिजेत. म्हणजे स्कॅमला दोन आकडे येणार. राजारामपुरीच्या दादांची चालीची अट मी तिथं लावणार आहे, नांदी लक्षात राहिलीच पाहिजे. आणि चेर्नोबिलला आप्पांचं माप लावलं तर कोड्यात पडायला होतं. तिथं हात उचललेलाच नाही, पण कुणाच्या पुढंही जात नाही, ती घरघर सतत आहे, माणसं बोलतात, मरतात आणि ती तशीच. मी म्हटलं आप्पा ह्याला काय म्हणायचं. ते जरा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले तंबोरा. मला हे पटलंय का नाही ते अजून ठरत नाहीये, तंबोरा आधार देतो आणि हा आवाज आधार काढून घेतो असं मला वाटतं, पण तंबोऱ्यासारखाच तो सगळ्याच्या खाली आहे हे खरं.

प्रतिसाद २ (राजारामपुरी)

ताई तंबोरा हे बरोबर वाटतंय. साऊंडवाल्याचं काम म्हणालो होतो ते मागं घेतो. पण मार्क किती देणार?

मी

अजून दिलेले नाहीत दादा. या रविवारी परत लावतोय, दोन भाग, दिवे बंद करून, या वेळी मोबाईल नाही. आप्पा पण माडीवर येणार आहेत, जिना चढायला त्यांना त्रास होतो म्हणून दोघांना लवकर बोलावलंय. कोल्हापुरात कुणाकडं खर्ज नीट काढणारा मोठा स्पीकर असेल आणि एका संध्याकाळपुरता देता येत असेल तर कृपया मेसेज करा, रविवारी रात्री दहाच्या आत परत आणून देऊ. लेख पुढच्या शुक्रवारी द्यायचाय.