मदत हवी आहे: विम्यासाठी घरच्या चुलीची तपासणी कोण करून देतं?

नमस्कार मंडळी. आम्ही जुळे सोलापुरात स्वतःच्या घरी कडक भाकरी करून विकतो. मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये विटा-मातीची दोन तोंडांची चूल आहे. जळण बाभळीचं आणि तुराट्यांचं. धुराडं पत्र्यातून वर काढलंय, पण जिथून ते बाहेर पडतं तिथेच जवळून लाकडी वासा जातो. खरी काळजी मला त्याचीच आहे.

घराचा 'भारत गृह रक्षा' विमा काढताना चूल आणि धंदा दोन्ही लपवले नाहीत, उद्या दावा अडायला नको म्हणून. आता कंपनी चूल सुरक्षित असल्याचा लेखी दाखला मागते. तो कुणाचा चालेल, हे एजंटला सांगता येत नाही. एका कार्यालयात विचारलं, तर घरातल्या चुलीची तपासणी आम्ही करत नाही म्हणाले. गवंड्याकडून धुराडं साफ करून घेतलंय, फोटो काढलेत, अग्निशामक सिलिंडर बसवलाय. अन्न नोंदणी आहे.

गॅसवर करा असं कृपया सुचवू नका, करून पाहिलंय, भाकरी तशी खुटखुटीत होत नाही.

२००६ च्या महाराष्ट्र अग्निसुरक्षा कायद्याखालची परवानाधारक एजन्सी एका चुलीसाठी येते का, की चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला पुरतो? सोलापुरात कुणी असा दाखला घेतला असेल तर खर्च किती आला? आणि धंद्यासाठी गृह रक्षाऐवजी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' घ्यावी लागेल का?